डाव्या कडेचा शेजारी

ये गं वृंदा, जवळ ये जरा. खुर्ची ओढून घे आणि तो लॅपटॉप मिट. नाही मिटलास ना? मला ठाऊक आहे. एक डोळा मावशीकडे आणि एक त्या ईमेलांकडे, असं मला चालणार नाही. तुझ्या नोव्हायहून आमचं शॉमबर्ग काही सातासमुद्रापलीकडे नाही, एकाच देशात आहोत. सकाळी ड्राइव्ह करत निघालीस तर दुपारच्या चहाला इथे पोचतेस. पण गणपतीत आली नाहीस, दसऱ्याला आली नाहीस, दिवाळीला "काम आहे गं मावशी" म्हणालीस आणि आता तर फोनच उचलत नाहीस. तुझ्या कंपनीतून माणसं कमी करतायत हे मला कळलं कुणाकडून, तर तुझ्या आईकडून. म्हणजे पुण्याहून शॉमबर्गला बातमी येते आणि नोव्हायहून येत नाही! शोभतं का हे तुला?

फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. सातवी शिकलेली बाई मी. लिहिणं मला वाचून वाचून आलं, म्हणून बोलते तसंच लिहिते. चुका काढत बसू नकोस.

तुझ्या मनात काय चाललंय ते न सांगताही कळतं मला. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर बॅग भरायची, आणि हे सगळं पोटात ठेवून वर हसायचं. असाच एक माणूस आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. तू त्याला एकदा पाहिलंयस. पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझी ती जड लाल बॅग गाडीतून ज्यानं आत आणली, तो. पॅसेज एवढा मोकळा असून भिंतीला घासून चालत होता आणि तू मला हळूच विचारलंस, "मावशी, यांना कमी दिसतं का गं?"

दिसत चांगलं होतं त्याला. तो विंगर होता.

म्हणजे फुटबॉलमधला, मैदानाच्या कडेकडेनं पळणारा. तो पॅराग्वेचा. पॅराग्वेला समुद्र नाही, आणि उकाडा म्हणशील तर तो सांगायचा त्यावरून आपल्या नागपूरसारखाच. इथल्या एका क्लबात खेळायचा. टीव्हीवर दाखवतात ती मोठी लीग नव्हे, तिच्या खालची. कॉलेजच्या मैदानावर मॅच व्हायच्या आणि बघायला येणारे निम्मे लोक खेळणाऱ्यांच्या घरचेच असायचे.

आमची ओळख झाली ती चोरीवरून. त्या वर्षी मी मागच्या दारी कुंडीत गवती चहा लावला होता आणि रोज त्याच्या दोन-तीन पाती कमी व्हायच्या. मला वाटलं ससा. तुझे काका म्हणाले, "हरीण असेल, इकडे हरणं येतात." एका सकाळी दार उघडते तो काय! एक चांगला उंच बाप्या गुडघ्यावर बसून, नखं कापायच्या कात्रीनं, माझ्या गवती चहाच्या पाती कापतोय. मी ओरडले. त्यानं कात्री पाठीमागे लपवली. पाती मात्र हातातच.

"सेन्योरा, हे आमच्या घरचं गवत आहे," तो म्हणाला.

"तुमच्या घरचं कसं? कुंडी माझी आहे!"

तर त्यानं मला त्याच्या दारात नेऊन दाखवलं. लाकडाचा छोटा खलबत्ता, त्यात कुटलेला पुदिना आणि माझा गवती चहा, शेजारी थर्मासभर बर्फाचं पाणी, आणि शिंगाच्या पेल्यात खोचलेली लोखंडी नळी. त्यांच्याकडे चहा थंड पितात. तेरेरे म्हणतात त्याला. रोज सकाळी भिंतीपलीकडून कुटण्याचा आवाज यायचा आणि मी काकांना म्हणायची, बघा, कुणीतरी आपल्यातलंच आलंय राहायला, वेलदोडे कुटतंय. तर तो हा.

आमच्या दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून फार छान जुळायचं. काकांचं ऑफिसातलं इंग्रजी त्याला कळायचं नाही, माझं कळायचं. सगळे मला मावशी म्हणतात म्हणून त्याला वाटलं तेच माझं नाव. तो मला सेन्योरा मावशी म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब मावशी. मी कधी दुरुस्त केलं नाही.

किती विक्षिप्त होता म्हणून सांगू! मधून चालायचा नाही. कुठेच नाही. इंडियन ग्रोसरीत डाळींच्या रांगेतनं गेला तरी एक खांदा पोत्यांना लागलेला. जेवायला बसला तर टेबलाच्या टोकाला. एकदा विचारलं, अरे, असा कोपऱ्यात का बसतोस, मधे ये. तर म्हणाला, "मधे गर्दी असते, सेन्योरा मावशी. कडेला जागा असते." हे त्याचं ठरलेलं वाक्य. पार्किंगबद्दल तेच, लग्नाबद्दल तेच आणि देवळाबद्दलही तेच.

डाव्या पायाला तो "ती" म्हणायचा. "ती आज रुसलीय." "तिला थंडी वाजतेय." उजवा पाय नुसता उभं राहायला होता. हिवाळ्यात आमच्याकडे आला की बूट काढायचा आणि डाव्या पायात एकावर एक लोकरीचे मोजे, उजवा उघडा. काका म्हणायचे, "पाहुण्यांचं अर्धंच अंग थंडीत आलेलं दिसतंय." काकांना तू ओळखतेस. क्रिकेट सोडून दुसरा खेळ त्यांच्या लेखी खेळच नाही. त्यांचं आणि त्याचं रोजचं ठरलेलं.

"काय, आज किती रन?"

"दोन आणि एक, सेन्योर."

"दीड तास पळून दोन्ही टीम मिळून तीन? आमच्याकडे घरी बसवतात अशाला!"

तो खो खो हसायचा. पण 'घरी बसवतात' म्हटलं की हसता हसता त्याचा हात खिशात जायचा. खिशात एक लाकडी संत होता, अंगठ्याएवढा. त्याला धरून ठेवायचा. हे काकांना दिसायचं नाही, मला दिसायचं.

आणि 'शेवटचं' हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही. मला आधी माहीत नव्हतं. एकदा पोळ्या वाढताना म्हटलं, "घे रे, ही शेवटची." त्यानं ताट मागे ओढलं. पोट भरलं म्हणाला. भरलं कुठलं, डोळे पोळीवर! मग कळलं की खेळणारा माणूस शेवटची मॅच, शेवटचं वर्ष असं बोलत नाही. पुढची म्हणायचं. तेव्हापासून तो जेवायला असला की मी एक पोळी जास्तच करायची, म्हणजे त्याच्या ताटात पडेल ती शेवटची नसेल. ती उरलेली काका खायचे. "याच्या अंधश्रद्धेनं माझं वजन वाढतंय," असं म्हणत खायचे.

मॅचच्या आदल्या दिवशी त्याला बसवत नसे. घरात येरझारा, बाहेर येरझारा. मग माझ्याकडे यायचा आणि न बोलता हात पुढे करायचा. मी मेथीची जुडी द्यायची. काय सुरेख निवडायचा! एकेक पान देठापासून अलगद. माझ्या घरात इतकी नीट निवडलेली मेथी ना त्याच्या आधी शिजली ना नंतर. निवडता निवडता बोलायचा, आणि मला जे काही त्याचं आयुष्य कळलं ते असं मेथीबरोबर कळलं, सुटं सुटं.

नदीकाठच्या गावात वाढला. तिथून राजधानीतल्या मोठ्या क्लबात गेला तेव्हा मिसरूड फुटत होतं. वाऱ्यासारखा पळायचा म्हणे. चेंडू पुढे ढकलायचा, समोरच्याच्या बाहेरच्या अंगानं जायचा, कडेवरून आत गोलसमोर चेंडू टाकायचा. बास. "मला एकच गोष्ट यायची सेन्योरा मावशी, पण ती करताना कुणी मला पकडू शकत नव्हतं." एकदा देशाच्या टीमनं बोलावलं. सगळी मॅच कोट घालून बाकावर बसला. संपता संपता त्याला कोट काढायला सांगितलं, त्यानं काढला, कडेला उभा राहिला, आणि शिट्टी वाजली. ते सांगताना हसला आणि मेथीचं देठ पानांत टाकलं, पानं कचऱ्यात. मी मागाहून वेचून घेतली.

मग चिलीत खेळला, मग मेक्सिकोत, तिथून इथे. प्रत्येक ठिकाणी पाय थोडे हळू झालेले. "पळणं कमी झालं की थांबणं शिकावं लागतं," म्हणायचा. ते त्यानं इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मला करून दाखवलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी रिकाम्या ट्रॉल्या उभ्या करायचा आणि त्यांच्यातून चेंडू नेताना मधेच एकदम थांबायचा, नुसता थांबायचा. "आता समोरचाही थांबतो. त्याला कळत नाही मी कुठे जाणार. तो विचार करतो. तेवढ्यात मी गेलो." दुकानाचा मालक बाहेर येऊन बघत होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या या माणसाला सांगा, ट्रॉलीला कशाला फसवतो? ती तर जागचीच हलत नाही." पण चिडला नाही. जाताना सगळ्या ट्रॉल्या रांगेत लावून जायचा ना तो!

आता देवांचं सांगते, कारण त्यात तू आहेस.

तुझा व्हिसा मुंबईत अडकला होता आठवतं? आज देतो, उद्या देतो चाललं होतं. तुझी आई फोनवर रडायची. मी काय करणार इथून? देव पाण्यात ठेवले. पितळी गणपती आणि रांगता बाळकृष्ण, स्टीलच्या गंजात पाणी भरून त्यात बुडवले. काम होईस्तोवर बसा म्हटलं गार पाण्यात. त्या दिवशी तो मटार मागायला आला. मॅचनंतर दुखणारी त्याची मांडी शेकायची नसे, गारवायची असे, त्यासाठी माझ्या फ्रीजरमधली गोठलेल्या मटारची पिशवी न्यायचा. आला, ओट्यावरच्या गंजात डोकावला आणि तसाच मागे सरला.

"सेन्योरा मावशी, तुम्ही देवाचं सूप करताय?"

मी समजावून सांगितलं. मला वाटलं हसेल. तर हा खुर्चीत बसला आणि खिशातला तो लाकडी संत काढून माझ्यासमोर धरला. त्यांच्याकडे या संताला उलटा टांगतात. लग्न जमेना, गुरं हरवली, की संत खाली डोकं वर पाय. त्याच्या आईनं तर एकदा विहिरीत सोडला होता, बादलीला बांधून. "आमचे आणि तुमचे, सगळे घाबरवल्याशिवाय ऐकत नाहीत," म्हणाला.

पुढे तुझा व्हिसा आला. मी देव बाहेर काढले, पुसले, साखर ठेवली. त्यालाही दिली. तो गंजाकडे बघत राहिला. "पाणी काम करतं," एवढंच म्हणाला.

मग ते खराब वर्ष आलं.

क्लबानं कॉलेजातून एक नवा मुलगा घेतला. डाव्या कडेचाच. त्याचं पळणं मी पाहिलं नव्हतं, पण आमच्या या माणसाच्या चेहऱ्यावर मला ते दिसायचं. सीझन संपला की क्लब सांगणार होता कुणाला ठेवायचं. ठेवलं तर व्हिसा पुढे. नाही ठेवलं तर घरी. आणि घरी जाऊन करणार काय? "मला कडेनं पळता येतं," म्हणायचा, "दुसरं काय येतं? मेथी निवडता येते."

त्यात मांडी. डावी. म्हणजे 'तिची' मांडी. आधी मटारची पिशवी मॅचनंतर न्यायचा, मग मॅचच्या आधीही न्यायला लागला, मग पिशवी त्याच्याकडेच राहायला लागली. मी ओळखीसाठी तिला लाल दोरा बांधला होता. एकदा ती परत आली, आणि काकांनी नेमकी तीच काढून मला उसळ करायला लावली. संध्याकाळी तो मागायला आला तर काका वाटी पुढे करून म्हणतात, "घ्या, आतून लावा." तो हसला, पण दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि डाव्या पायावर भार नव्हता.

काका आत गेल्यावर मी म्हटलं, "दुखतंय ना? डॉक्टरला दाखव."

"क्लबाचा डॉक्टर क्लबाला सांगतो."

"मग दुसऱ्याला दाखव."

"सेन्योरा मावशी, कुणाला सांगू नका. सेन्योरलासुद्धा नाही." आणि मग खिशातला संत काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "पाण्यात ठेवा. तुमच्याबरोबर. पुढच्या वर्षाची सही होईपर्यंत."

सांग, मी काय करायला हवं होतं? मांडीचा स्नायू फाटेल म्हणून भीती, आणि सांगितलं तर पोटावर पाय. मी गंज काढला. गणपती, बाळकृष्ण आणि त्यांच्यामधे तो लाकडी संत. पितळेचे देव तळाशी बसले, लाकूड काही बुडेना. तो आपला वर तरंगतोय, आणि तरंगत तरंगत गंजाच्या कडेला जाऊन टेकला! मला हसू आलं, आणि लगेच मी देवांना हात जोडले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. भिंतीपलीकडचं कुटणं मी कान देऊन ऐकायची. एखाद्या सकाळी आवाज उशिरा आला तर माझा चहा तसाच गार व्हायचा. पाण्याकडे बघायची, पुन्हा बघायची. काका म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या मुलीचं काम झालं ना? आता कुणासाठी? आणि हा तिसरा कोण?" मी म्हटलं, पाहुणा आहे. दुसऱ्या दिवसापासून गंजातलं पाणी बदललेलं असायचं, मी उठायच्या आधीच.

सीझनच्या अखेरच्या मॅचला आम्ही गेलो. काका कधी गेले नव्हते. म्हणाले, "घरी बसून तू मला बसू देणार नाहीस, त्यापेक्षा तिथे बसू." मी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या, थर्मासात चहा, आणि डाव्या कडेला अगदी पुढे बसलो. तो आमच्यासमोरूनच पळत होता. श्वास ऐकू यायचा गं! चेंडू त्याच्याकडे आला की माझा हात काकांच्या मनगटावर, आणि काका, "सोड, रक्त थांबतंय." पहिल्या अर्ध्यात तो फारसा पळालाच नाही. चेंडू यायचा, मागे द्यायचा. मागून कुणी शिट्ट्या मारत होतं. तो नवा मुलगा कडेला उभा राहून अंग गरम करत होता, सारखा उड्या मारत.

मधली सुट्टी झाली. पुन्हा सुरू झालं आणि बघते तर आमच्या कडेला भलताच माणूस! हा कुठे नाहीच. माझं धाबं दणाणलं. "काढलं हो त्याला! पाय गेला त्याचा!" मी उठून उभी. शेजारच्या बाईनं ओढून बसवलं मला. काकांनी चष्मा पुसला, लांबवर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तो काय पलीकडे. सुट्टीनंतर बाजू बदलतात. त्याची डावी आता तिकडे आली."

म्हणजे विंगरचं असं असतं बघ वृंदा. अर्धा वेळ तो आपल्याजवळ, अर्धा वेळ पार पलीकडच्या कडेला. त्याचा काही दोष नाही, खेळच तसा. मी पुऱ्यांचा डबा उचलला.

"कुठे निघालीस?"

"तिकडे."

"एवढं वळसा घालून? गुडघे दुखतात ना?"

"तुम्ही येताय की नाही?"

गोलच्या मागून, कुंपणाच्या कडेकडेनं, आम्ही दोघं म्हातारे डबा-थर्मास घेऊन निघालो. लोक हसत होते. पलीकडे पोचून बसलो तेव्हा मला धाप लागली होती. त्यानं आम्हाला पाहिलं. पळता पळता मान वळवून पाहिलं, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा एखाद्या शाळेतल्या पोरासारखा झाला.

मग चेंडू त्याच्याकडे आला. समोर एक तगडा पोरगा आडवा. आणि हा थांबला. ट्रॉल्यांसमोर थांबायचा तसा, नुसता थांबला. तो पोरगाही थांबला. काका पुटपुटले, "आता जा." आणि तो गेला. बाहेरच्या अंगानं, पांढऱ्या रेघेवरून, वाऱ्यासारखा म्हणायचा ना, तसा. आत चेंडू टाकला, कुणीतरी डोक्यानं मारला आणि गोल! सगळे मधे धावले, त्या गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडले. सगळं मैदान तिकडे बघत होतं.

मी एकटी इकडे बघत होते. तो रेघेबाहेर, माझ्यासमोर, गवतावर एका गुडघ्यावर बसला होता. डावी मांडी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. तोंड पांढरंफटक. मी उठायला गेले तर त्यानं एक हात सोडला आणि बोट ओठांवर ठेवलं. कुणाला सांगू नका.

मग उभा राहिला. शिट्टी वाजेपर्यंत रेघेवरच राहिला, नुसता चालत. चेंडू आला तर पायानं थोपवायचा आणि मागे द्यायचा. नवा मुलगा शेवटपर्यंत उड्याच मारत राहिला. काका जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मी पुऱ्यांचा डबा घट्ट धरून बसले होते, इतका की झाकण वाकलं.

पुढे काही दिवस कुटण्याचा आवाज आला नाही. मी दार वाजवलं की आतून "बरा आहे, सेन्योरा मावशी!" आणि दार बंद. पोळी बाहेर ठेवली तर ताटली रिकामी होऊन परत यायची, घासलेली. देव पाण्यातच.

मग एका सकाळी तो आला. मी पोळ्या करत होते. भिंतीला धरून आत आला, टेबलाच्या टोकाला बसला. काका पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. मी वाढत गेले, तो खात गेला. जास्तीची एक तव्यावरून उतरवली आणि डब्यात टाकणार, तेवढ्यात तो म्हणाला,

"ती शेवटची ना?"

मी उलथनं खाली ठेवलं.

"द्या," म्हणाला. "शेवटची मला द्या."

तेव्हा मला कळलं. काकांनाही कळलं. काका उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "लेका, तुला क्रिकेट शिकवायला हवं होतं. म्हातारपणी स्लिपमध्ये उभं राहता येतं."

पोळी पूर्ण खाल्ली त्यानं. हात धुतले आणि गंजापाशी गेला. मी म्हटलं, "अरे थांब, काम झालं नाही अजून. असे बाहेर काढायचे नसतात."

"सेन्योरा मावशी, ते माझ्यासाठी पाण्यात बसले. त्यांना बाहेर मीच काढायचं." आणि त्यानं बाळकृष्ण काढला, गणपती काढला, माझ्या स्वच्छ पंच्यानं एकेक पुसला, सोंडेच्या खाचेत, बाळकृष्णाच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्याखाली, मेथी निवडायचा तितक्या हळू. जागेवर ठेवले. साखर मागितली. मी दिली, ती त्यानं देवांपुढे ठेवली. अगं, नकार घेऊन आलेल्या माणसानं देवाला साखर ठेवली! त्याचा लाकडी संत फुगला होता पाण्यानं. तो त्यानं मोज्यात गुंडाळला, डाव्या पायाच्या.

"सही होणार नाही हे मला मॅचच्या दिवशीच माहीत होतं," म्हणाला. "तुम्ही पलीकडे येऊन बसलात ना, तेव्हा वाटलं, आता पळून घ्यावं."

गेला तो. शिंगाचा पेला ठेवून गेला, त्यात मी चमचे ठेवते. आता गावी पोरांना शिकवतो. दिवाळी कधी असते ते त्याला कळत नाही, म्हणून वर्षातून कधीतरी मनात येईल तेव्हा फोन करतो आणि "हॅपी दिवाळी" म्हणतो. मागच्या वेळी मागे पोरांचा गलका होता आणि तो त्यांच्यावर ओरडत होता, काय ते मला कळलं नाही, पण बहुतेक कडेला राहा म्हणत असावा. काकांनी फोन ओढून घेतला. "किती रन?" म्हणे.

आणि आता ऐक. तुझ्या आईचा फोन आला त्या दिवशी मी गंज काढला. गणपती आणि बाळकृष्ण पुन्हा पाण्यात आहेत, तुझ्या नोकरीसाठी. पण तुझी नोकरी राहो की जावो, त्यांना आता मी बाहेर काढणार नाही. ज्याच्यासाठी बसलेत त्यानं काढायचं, हे मी त्याच्याकडून शिकले. पूर्वी मी वळसा घालून तुझ्याकडे येऊन बसले असते, पण आता गुडघे नाही म्हणतात आणि काकांना हायवेवर गाडी चालवू देत नाही मी. तेव्हा यावेळी तूच ये. काही सांगू नकोस हवं तर. टेबलाच्या टोकाला बस, मेथी आणून ठेवते. पाणी काका रोज सकाळी बदलतात, पण नोव्हेंबर आहे वृंदा, आणि आमचं स्वयंपाकघर उत्तरेला. गारठलेत गं देव. या शनिवारीच निघ.